ब्रेकवरचा उजवा पाय

ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली मुंबईची शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २०२३ साली वीस वर्षांची झाली. टॅक्सीसाठी ठरलेली वयोमर्यादा संपली आणि ३० ऑक्टोबरपासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावर अधिकृतपणे उरली नाही. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांत पुष्कळ लिहून आले. काळा-पिवळा रंग, टपावरचे कॅरिअर, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, मागच्या सीटवर दाटीवाटीने बसलेली कुटुंबे, सिनेमातली दृश्ये. मी ती सारी कात्रणे जमा केली. एका गोष्टीचा उल्लेख मात्र मला कुठे सापडला नाही, आणि तो ब्रेकचा.

माझ्या वडिलांनी सव्वीस वर्षे टॅक्सी चालवली. आम्ही अंधेरी पूर्वेला गुंदवलीच्या एका चाळीत राहत होतो. रात्रपाळी संपवून ते घरी आले की आई कढत पाण्याची बादली भरून ठेवी आणि ते उजवा पाय गुडघ्यापर्यंत शेकत बसत. टॅक्सीविषयी बोलताना त्यांना रंग आठवत नसे, पेडल आठवे. आज पेडल खाली जात होते, आज पेडल दगड झाले होते, आज पावसाने ब्रेक धरलेच नाहीत. त्यांचा गुडघा शेवटी निकामी झाला. त्याला टॅक्सीच कारण होती असे मी ठामपणे म्हणणार नाही, वय आणि वजन हीही कारणे असतात. पण त्यांचा स्वतःचा हिशेब पक्का होता. ते म्हणत, "मालकाच्या गाडीचे लायनर बदलून मिळतात, माझे कोण बदलणार?"

मी स्वतः मरोळच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो. मोटारींचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. रद्दीच्या दुकानांतून जुनी मालकपुस्तिका, सुट्या भागांच्या याद्या आणि दुरुस्तीची पुस्तके गोळा करता करता हा नाद लागला. २००५ साली पार्ल्याच्या एका कुटुंबाकडून मी १९७३ सालची प्रीमियर प्रेसिडेंट विकत घेतली. वडिलांनी तिच्यात बसून पहिल्यांदा काय केले असेल, तर ब्रेक दाबून पाहिला आणि नुसती मान हलवली. आता ते नाहीत. गाडी २०२३ मध्ये पन्नास वर्षांची झाली आणि त्याच वर्षी माझ्यापुढे एक प्रश्न उभा राहिला. हिला पॉवर ब्रेक बसवून घ्यायचे, की ती जशी कारखान्यातून निघाली तशीच ठेवायची? प्रश्न घरगुती वाटेल, पण त्याचे उत्तर शोधताना या गाडीचा आणि ती चालवणाऱ्यांचा जो इतिहास हाती आला, तो वाचकांपुढे ठेवतो.

पायाचा जोर चाकापर्यंत

सुरुवातीच्या मोटारींत ब्रेकचे पेडल आणि चाक यांच्यामध्ये सळ्या आणि तारा असत. चारही चाकांच्या तारा सारख्या ताणलेल्या ठेवणे फार अवघड. एक ढिली, एक घट्ट झाली की गाडी एका अंगाला ओढे. यावर उपाय निघाला तो द्रवाचा. बंद नळीत भरलेल्या द्रवावर एका टोकाला दाब दिला तर तो सगळीकडे सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेत शिकलो आहोत. अमेरिकेतल्या माल्कम लॉकहीड यांनी १९१७ च्या सुमारास हायड्रॉलिक ब्रेकची कल्पना पेटंटपर्यंत नेली. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग गाडीत ती चारही चाकांना आली आणि १९२४ मध्ये क्रायस्लरने ती सामान्य खरेदीदाराच्या आवाक्यात आणली.

पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ब्रेक ऑइलला रेटतो, ते पाइपांतून चाकांपाशी जाते आणि तिथले छोटे सिलिंडर ब्रेकशू बाहेर ढकलतात. शूवरचे लायनर फिरणाऱ्या ड्रमच्या आतल्या बाजूला घासतात आणि चाक मंदावते. यात ड्रमची एक खुबी आहे. ड्रम फिरताना पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढून आणखी आवळून घेतो. म्हणजे आपण दिलेल्या जोरात ड्रम स्वतःची भर घालतो. त्यामुळेच सुमारे नऊशे किलोची गाडी नुसत्या पायाने थांबवता येत होती.

पण या भरीला तीन मर्यादा आहेत. पहिली उष्णतेची. घाटात लागोपाठ ब्रेक मारले की ड्रम तापतो, फुगतो आणि लायनरची पकड कमी होते. बोरघाट ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम त्यातूनच आला. दुसरी पाण्याची. ड्रममध्ये शिरलेले पाणी लवकर बाहेर पडत नाही. अंधेरी सबवेत पाणी साचले की पलीकडे निघाल्यावर वडील काही अंतर ब्रेकवर पाय हलका टेकवूनच गाडी हाकत, म्हणजे घासून घासून लायनर सुकावेत. तिसरी मर्यादा वेगाची. वेग दुप्पट झाला की जिरवायची ऊर्जा चौपट होते. बऱ्यापैकी जोराने ब्रेक लावला, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या दराने गाडी मंदावली असे धरले, तर ताशी ४० किलोमीटरवरून थांबायला साधारण साडेबारा मीटर लागतात, ८० वरून पन्नास मीटर. मेंदूने पायाला निरोप देईपर्यंत जे अंतर जाते ते यात धरलेले नाही.

हवेची मदत

पायाला मदतनीस द्यावा हा विचार हायड्रॉलिक ब्रेकइतकाच जुना आहे. १९१९ च्या हिस्पानो-सुइझा गाडीत गाडीच्याच गतीतून जोर उचलून ब्रेकला देणारी यांत्रिक योजना होती. पुढे रोल्स-रॉइसने तिचा परवाना घेतला. बेल्जियन अभियंता अल्बेर दवांद्र यांनी १९२० च्या दशकात निर्वात दाबावर चालणारा मदतनीस तयार केला आणि १९२७ पासून बॉश कंपनी तो बनवू लागली. १९२८ मध्ये अमेरिकेच्या पिअर्स-अॅरो गाडीत असा ब्रेक आला. आज ज्याला आपले मिस्त्री 'बूस्टर' म्हणतात, तो याच वंशातला.

त्याचे काम समजायला मुंबईकराला फार दूर जायला नको. आपल्या रेल्वेच्या गाड्यांना वर्षानुवर्षे व्हॅक्यूम ब्रेक होते. गाडीभर एक नळी, तिच्यातली हवा इंजिनाने ओढून घेतलेली. साखळी ओढली की नळीत हवा शिरायची आणि ब्रेक लागायचे. मोटारीतही हवा ओढणारे यंत्र आयतेच असते. पेट्रोल इंजिन हवा आत घेताना त्याच्या मॅनिफोल्डमध्ये दाब कमी होतो. तिथून एक नळी बूस्टरच्या पत्र्याच्या डब्यात नेतात. डब्याच्या मध्यभागी एक पडदा असतो. ब्रेक मोकळा असताना पडद्याच्या दोन्ही बाजूंना हवा विरळच असते. पेडल दाबले की एका बाजूला बाहेरची हवा सोडली जाते आणि ती पडद्याला दुसऱ्या बाजूकडे रेटते.

हा जोर किती, ते कागदावर मांडून पाहता येते. सात इंच व्यासाच्या पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे २४८ चौरस सेंटिमीटर. दोन बाजूंच्या दाबातला फरक दर चौरस सेंटिमीटरला ०.६ ते ०.७ किलो धरला, तर दीडशे ते पावणेदोनशे किलोचा रेटा मिळतो. दोन दणकट माणसे आपल्या पायावर उभी राहावीत इतका.

मात्र रेल्वेच्या आणि मोटारीच्या व्यवस्थेत एक मोठा फरक आहे. रेल्वेत नळी फुटली तर ब्रेक आपोआप लागतात. मोटारीत नळी फुटली किंवा इंजिन बंद पडले, तर साठलेल्या निर्वातावर एक-दोनदा मदत मिळते आणि मग सगळे वजन पुन्हा पायावर येते. आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. बूस्टर गाडीची थांबण्याची कमाल क्षमता वाढवत नाही. ती शेवटी टायर आणि रस्ता यांच्या पकडीवर ठरते. बूस्टर एवढेच करतो, की त्या कमाल क्षमतेपर्यंत पोहोचायला लागणारा पायाचा जोर कमी होतो. दणकट जवानाला जे जमत होते ते साठीच्या माणसालाही जमते.

कुर्ल्याची गाडी

मुंबईत मोटारींची जुळणी १९२८ पासून होत होती. जनरल मोटर्सने शिवडीला कारखाना काढला होता, पण तिथे बाहेरून आलेले भाग जोडले जात. देशातच मोटार तयार करावी हा आग्रह सर विश्वेश्वरय्यांनी १९३० च्या दशकात धरला. सोलापूरला जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये क्रायस्लरच्या सहकार्याने गाड्या निघू लागल्या आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला फियाटशी करार झाला. फियाट ११०० च्या एकेक आवृत्त्या मुंबईकरांना माहीत झाल्या त्या त्यानंतर.

१९६४ हे साल ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी ३१ मार्चला मुंबईची शेवटची ट्राम धावली आणि त्याच वर्षी कुर्ल्याहून ११०० डी, म्हणजे 'डिलाइट' बाहेर पडू लागली. १०८९ सीसीचे इंजिन, चारही चाकांना हायड्रॉलिक ड्रम ब्रेक, बूस्टर नाही. त्या काळाच्या मानाने यात काही उणे नव्हते. युरोपातल्या त्या आकाराच्या पुष्कळ गाड्या अशाच होत्या.

पण इटलीत दोनच वर्षांनी, १९६६ मध्ये, फियाटने ११०० आर काढली आणि तिच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक दिले. त्याच वर्षी आलेल्या फियाट १२४ ला चारही चाकांना डिस्क होत्या. डिस्क उघड्यावर फिरते, त्यामुळे लवकर थंड होते, पाणीही झटकून टाकते. मात्र ती ड्रमसारखी स्वतःहून आवळत नाही. दोन बाजूंनी पॅड दाबले जातात तेवढाच जोर. म्हणून डिस्कबरोबर पायावरचा भार वाढतो आणि गाडी जसजशी जड होत जाते तसतशी बूस्टरची गरज पडते. जगभर पॉवर ब्रेक छोट्या गाड्यांपर्यंत आले ते मुख्यतः डिस्कच्या पाठोपाठ. ११०० आर इटलीत १९६९ मध्ये बंद झाली. आपल्याकडे मात्र ११०० डीचाच वंश प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी या नावांनी शतकाच्या अखेरीपर्यंत चालला.

असे का झाले? कारखान्याला नावे ठेवणे सोपे आहे. पण त्या काळचे कागद वाचले की चित्र वेगळे दिसते. १९५१ च्या औद्योगिक कायद्याने किती गाड्या काढायच्या ते परवान्यावर ठरत होते. परकीय चलनाची टंचाई असल्याने बाहेरून नवा भाग आणणे म्हणजे दिल्लीच्या फेऱ्या. गाडीची किंमतही सरकार ठरवी. या किमतीवरून प्रीमियरने केंद्र सरकारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि १९७२ चा तो निकाल आजही कायद्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. त्यात मोटारीचा खर्च कलमवार तपासला गेला. दुसरीकडे गाडीसाठी वर्षानुवर्षे नावे नोंदवून बसलेली गिऱ्हाइके. ज्या मालाची किंमत वाढवता येत नाही आणि ज्याला रांग लावून गिऱ्हाईक आहे, त्यात पायाला आराम देणारा महागडा भाग कोण घालणार? हा माझा तर्क आहे, पण तो मला पटतो.

ही कोंडी फुटली ती १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आल्यावर. प्रीमियरनेही १९८५ मध्ये फियाट १२४ च्या बॉडीची ११८ एनई काढली. खाजगी गाडीवाले हळूहळू नव्या गाड्यांकडे वळले. पद्मिनी उरली ती मुख्यतः टॅक्सीवाल्यांकडे.

टॅक्सीत काय बदलले, काय नाही

इथे माझ्या लेखाचा मुख्य मुद्दा येतो. मुंबईच्या टॅक्सीवाल्याने पद्मिनी जशीच्या तशी ठेवली, असे समजणे चूक आहे. त्याने ती भरपूर बदलली. टपाला कॅरिअर लावले, सीटचे स्पंज आणि कव्हर बदलले, काहींनी डिझेल इंजिन बसवले. २००० च्या आसपास मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर डिकीत सीएनजीची टाकी आली. गाडीचे इंधन बदलणे हा काही लहान बदल नव्हे. तो करण्याची तयारी, कसब आणि गॅरेजेस या शहरात होती. मग बूस्टर का आला नाही?

वडिलांच्या आणि त्यांच्या सोबत्यांच्या बोलण्यातून मला तीन कारणे दिसतात.

पहिले कारण पेट्रोलचे. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल भडकले. उतार आला की गाडी न्यूट्रल करून, कित्येकदा इंजिनच बंद करून गडगडत न्यायची सवय अनेकांना लागली. सवय घातकच होती, पण थेंब थेंब वाचवणाऱ्याला ती परवडत होती. बूस्टरला मात्र चालू इंजिन लागते. इंजिन बंद करून उतरणाऱ्या गाडीत तो ऐन वेळी साथ सोडतो. पॉवर ब्रेक बसवायचा तर ती बचत सोडायला हवी होती.

दुसरे कारण दुरुस्तीचे. ड्रम ब्रेकची प्रत्येक गोष्ट नाक्यावर होत होती. लायनर रिव्हेटने ठोकून मिळत, ड्रम लेथवर साफ करून मिळे, सिलिंडरचे रबर बदलता येई. पाइपातली हवा काढायला एक माणूस पेडलवर आणि एक माणूस चाकाशी बसला की झाले. बूस्टर हा बंद डबा. बिघडला तर बदलायचा.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. सीएनजीने इंधनाचे पैसे वाचत, कॅरिअरने सामानाचे भाडे मिळे. हे बदल मालकाच्या हिशेबात दिसत. बूस्टरने वाचणारी गोष्ट म्हणजे ड्रायव्हरचा पाय. मुंबईत पुष्कळ टॅक्सी मालक एक आणि चालवणारा दुसरा अशा होत्या. ड्रायव्हर पाळीचे पैसे भरून गाडी घेई. त्याचा गुडघा कोणत्याच वहीत मांडलेला नव्हता. जो मालक स्वतःच गाडी चालवी, तोही हप्ते आणि मुलांची फी यांच्यापुढे स्वतःचा गुडघा शेवटीच मांडत असे.

म्हणून मी म्हणतो, की पद्मिनी टॅक्सीत बूस्टर होता. तो ड्रायव्हरच्या कमरेपासून तळव्यापर्यंत होता. कुर्ल्याच्या गाडीचा तो एकच भाग असा होता, की ज्याची सुट्या भागांच्या यादीत नोंद नाही. माझ्याजवळच्या याद्यांत मास्टर सिलिंडरच्या छोट्या वॉशरलाही नंबर आहे. तीस-तीस वर्षे रोज शेकडो वेळा पेडल दाबणाऱ्या माणसाचा उल्लेख तिथे असणार नाही हे मला कळते. पण इतिहास लिहिणाऱ्यानेही तो विसरावा का?

'मूळ स्वरूप' म्हणजे काय?

आता माझ्या गाडीकडे येतो. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र व्यवस्था केली. अशा वाहनाला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, मात्र ते रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. अट अशी, की वाहन मूळ स्वरूपात असावे आणि त्यात मोठे फेरबदल झालेले नसावेत. फेरबदल म्हणून चेसिस, बॉडी आणि इंजिन यांचा उल्लेख आहे. ब्रेकचे नाव तिथे घेतलेले नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलमही नोंदणीपत्रातल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल करू नये असे सांगते आणि मूळ रचनेतला बदल म्हणजे काय याचा खुलासा करते. त्यामुळे ब्रेकच्या मदतनीसाबाबत अधिकारी कसा विचार करील, हे मी आधी गृहीत धरू शकत नाही.

जुन्या गाड्या जपणाऱ्या मित्रांमध्ये या विषयावर दोन तट आहेत. एक तट म्हणतो, कारखान्यातून निघालेला स्क्रूसुद्धा बदलू नये. दुसरा म्हणतो, रस्त्यावर आणायची तर तिने थांबले पाहिजे. मी बरीच वर्षे पहिल्या तटात होतो.

माझे मत बदलले ते २०२२ च्या पावसाळ्यात. एस. व्ही. रोडने अंबोलीकडे येताना पुढची रिक्षा अचानक थांबली. मी दोन गाड्यांइतके अंतर ठेवले होते, पण त्या अंतरात एक मोटारसायकल शिरली होती. मी पेडलवर अक्षरशः उभा राहिलो. गाडी थांबली. मोटारसायकलवर मागे बसलेल्या मुलाने वळून माझ्याकडे पाहिले. त्याच्या दप्तराला माझा बंपर टेकला होता. तो मुलगा घाबरलाही नाही, कारण काय झाले हे त्याला कळलेच नव्हते. मला कळले होते. घरी येईपर्यंत माझा उजवा पाय थरथरत होता आणि मला गरम पाण्याची ती बादली आठवत होती.

त्या रात्री माझ्या लक्षात आले, की 'मूळ ब्रेक' ही नुसत्या लोखंडाची गोष्ट नव्हती. १९७३ साली घोडबंदर रस्त्यावर, म्हणजे आजच्या एस. व्ही. रोडवर, माझ्या गाडीपुढे फियाट असे, अँबॅसडर असे, बेस्टची बस असे. आज पुढची गाडी बोटभर पेडल दाबून माझ्या आधी थांबते. अंतर राखले तर ते कोणीतरी भरून काढतो. आणि मूळ ब्रेकचा दुसरा भाग म्हणजे वडिलांसारखा पाय आणि नजर. ते म्हणत, "गाडी पायाने थांबवायची नसते, नजरेने थांबवायची." ती नजर सव्वीस वर्षांच्या धंद्यात तयार झाली होती. रविवारी सकाळी गाडी काढणाऱ्या माझ्याकडे ती नाही. मी ड्रम जपले, शू जपले, पण ज्या रस्त्यासाठी आणि ज्या पायासाठी ते केले होते ते दोन्ही गेले. उरले ते अर्धेच मूळ.

आमचे अंबोलीचे मिस्त्री मला म्हणाले, "दादा, बूस्टर लावून देतो. पण आधी चारही चाकं उघडू. सडलेल्या ब्रेकला बूस्टर लावणं म्हणजे लंगड्या घोड्याला चाबूक." त्यांचे खरे होते. मागच्या एका सिलिंडरमधून तेल झिरपत होते आणि रबरी होज बोटाने वाकवली तर तडे दिसत होते. ज्या भेगेतून सगळे ब्रेक एका क्षणात जाऊ शकले असते, ती बूस्टरपेक्षा मोठी बाब होती. माझ्या गाडीत चारही चाकांना तेल नेणारी वाट एकच होती. कुठेही फुटली की चारही चाके मोकळी. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना दोन स्वतंत्र वाटा सक्तीच्या झाल्या त्या याच कारणाने.

आम्ही केले ते असे. चारही सिलिंडर, होज आणि लायनर नवे. मास्टर सिलिंडर दोन वाटांचा, पुढच्या चाकांची वेगळी आणि मागच्यांची वेगळी. बूस्टर पाइपाच्या वाटेत बसणारा, आणि तोही फक्त पुढच्या चाकांच्या वाटेवर. ब्रेक लागताना गाडीचा भार पुढे झुकतो आणि मागची चाके हलकी होतात. त्यांना जादा जोर दिला तर ती जाम होऊन गाडी फिरते. पुढे डिस्क बसवण्याचा मोह टाळला, कारण मग हबपासून सगळे बदलावे लागले असते. ड्रम मूळचेच ठेवले. चेसिसला किंवा बॉडीला नवे भोक पाडायचे नाही, असलेल्या बोल्टांवरच पट्टी बसवायची, हे आधीच ठरले होते. काही भाग कुर्ला-कलिनाच्या सीएसटी रोडवरच्या दुकानांत मिळाले. कारखान्यापासून तसे जवळच. तो कारखाना आता नाही, पण 'प्रीमियर' हे नाव कुर्ल्याच्या रस्त्याला अजून चिकटून आहे.

काढलेला प्रत्येक भाग मी ग्रीस लावून, कागदात गुंडाळून, वर तारीख लिहून पत्र्याच्या डब्यात ठेवला आहे. काय काढले, काय घातले, का घातले याचा दोन पानी कागद मालकपुस्तिकेत ठेवला आहे. उद्या कोणाला गाडी पूर्ववत करायची असेल तर एका दिवसाचे काम. 'व्हीए' नंबरासाठी अर्ज करीन तेव्हा हा कागद मी सोबत जोडणार आहे. त्यावरून अर्ज नामंजूर झाला तर मला वाईट वाटेल, पण लपवून मिळालेला नंबर मला नको. खोटी नोंद हा इतिहासाचा त्याहून मोठा फेरबदल आहे.

पहिल्या दिवशी मी जुन्या सवयीने पेडल दाबले आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. शेजारी बसलेल्या मुलीचे डोके पुढे गेले. पुढचे कित्येक रविवार मी पायाला हलके व्हायला शिकवत होतो. आता ती गाडी शिकते आहे. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडचा उतार आला की मी तिला अजूनही दुसऱ्या गिअरमध्ये उतरायला सांगतो. ती विचारते, "बाबा, आता तर पॉवर ब्रेक आहेत ना?" आहेत. पण ड्रम अजून तेच आहेत, आणि तापले तर तसेच फसतील.

शेवटी वाचकांना एक विनंती. आपल्यापैकी कोणाच्या घरी जुनी गाडी असेल तर तिच्यात जरूर बदल करा, पण काढलेला भाग टाकू नका आणि बदलाची तारीख लिहून ठेवा. आणि कोणाच्या घरी जुना टॅक्सी ड्रायव्हर असेल तर त्यांना गाडीच्या रंगाविषयी विचारू नका. पेडल कसे होते ते विचारा, पावसात काय करत होते ते विचारा, गुडघा कोणता दुखतो ते विचारा. पद्मिनी संग्रहालयांत टिकेल. तिला रोज थांबवणाऱ्या पायाची माहिती मात्र त्या माणसांबरोबर जाणार आहे, आणि माझ्या वडिलांबरोबर त्यातली बरीचशी गेलीही.